पाच वेळा शुक्र

पुन्नैतुरै
४ सप्टेंबर २००९

प्रिय अमली,

फोन असताना ही बाई पत्रं का लिहीत बसते, असं तुला वाटत असेल. डावा कान पूर्वीच गेला होता, आता माझ्यामागोमाग उजवाही निवृत्त झाला. गेल्या वेळी तू फोनवर ‘दहा तारीख’ म्हणालीस आणि मी ‘चहा टाकते’ म्हणाले. त्यापेक्षा कागद बरा. कागद हळू बोलत नाही.

निवृत्त झाल्यापासून मी एक उद्योग काढला आहे. दर शनिवारी संध्याकाळी किनाऱ्यावर पोरं जमवते आणि आकाश दाखवते. आधी चार होती, आता चौदा आहेत. जेसिंताची रेक्सलिन तर दिवेलागणीच्या आधीच येऊन बसते आणि सूर्याला म्हणते, “बुड की लवकर!” मला स्वतःला फारसं येत नाही. पुस्तकात बघते, वर बघते, मान दुखते, तोवर चांदणी ढगात.

आता मुद्दा. येत्या १५ जानेवारीला, पोंगलच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी सव्वाएकच्या सुमारास सूर्यग्रहण आहे. आपल्या डोक्यावर. सूर्याची नुसती अंगठी उरणार. असं पुन्हा माझ्या हयातीत दिसायचं नाही. आणि इथल्या आया म्हणतात, पोरांना घरात कोंडून खिडक्यांना चादरी लावणार. टीव्हीवर कुणी तरी विषारी किरणांबद्दल बोलला म्हणे.

तू ये. रोज सूर्याकडे बघायची नोकरी करणारी बाई याच गावची आहे, हे त्यांना दिसू दे.

तुझ्या अप्पांनाही विचारलं. म्हटलं, “इन्नासिमुत्तु अण्णा, पोरांना चार वेळ्ळी दाखवा की.” (बघ, मी आता किनाऱ्याची भाषा बोलते. आमच्या आतल्या गावांत वेळ्ळी म्हणजे शुक्र, नाहीतर शुक्रवार. इथे सगळ्याच चांदण्यांना वेळ्ळी म्हणतात, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.) तर जाळं विणता विणता म्हणाले, “माझ्याकडे कुठलं आकाश, टीचरम्मा. आकाश तुमच्या शाळेत असतं.” किती विनयी माणूस!

वाट बघते.

तुझी,
तंगपुष्पम टीचर


कोडैकानल
१९ सप्टेंबर २००९

प्रिय टीचर,

तुमची चौदा पोरं वाचून फार बरं वाटलं. रेक्सलिनला सांगा, सूर्याला घाई करून उपयोग नसतो. मी वीस वर्षं करून पाहिली.

पण मला येता येणार नाही. ग्रहणाच्या दिवशी इथे वेधशाळेत सगळ्यांत जास्त काम असतं, रजा मिळणार नाही.

इथलं काम तुम्हाला ठाऊक आहेच. सकाळी ढग यायच्या आत सूर्याची प्रतिमा कागदावर पाडायची आणि तिच्यावरचे डाग पेन्सिलने गिरवायचे. यंदा सूर्यावर डागच नाहीत. ऑगस्टचा जवळजवळ सगळा महिना मी कोरी वर्तुळं काढली आणि खाली तारीख घातली. नवा आलेला सहकारी म्हणाला, “अक्का, काहीच नसेल तर काढायचं कशाला?” मी म्हटलं, “काही नव्हतं, हे उद्या कुणाला तरी कळायला हवं ना.”

पोरांसाठी एक युक्ती लिहिते. जाड पुठ्ठ्याला सुईने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करून उभं राहा आणि भोकातून पडणारा उजेड पांढऱ्या कागदावर घ्या. सूर्याकडे थेट बघायचं तर खास चष्म्यातूनच. तो मी मिळवून पाठवते. काजळी धरलेली काच किंवा एक्स-रेची फिल्म अजिबात नको, हे आयांना माझ्या नावाने सांगा. त्यांची भीती अगदीच खोटी नाही.

आणि अप्पांना आग्रह करू नका. ते आकाशाबद्दल बोलत नाहीत. बोलणारही नाहीत.

तुमची,
अमलोर्पवम


पुन्नैतुरै
११ ऑक्टोबर २००९

अमलोर्पवम बाईंना,

पूर्ण नावाने सही केलीस, म्हणून मीही तसंच लिहिते. रजा मिळणार नाही, हे वाचलं. पाच वर्षांपूर्वी आईच्या दफनाला आलीस, त्यानंतर एकदाही इकडे फिरकली नाहीस, हेही मी मोजलेलं आहे. मोठी झालीस. आम्ही वाळूतली माणसं. इतक्या उंचावरून तुला कशी दिसणार?

लिहून झाल्यावर वाटलं, खोडावं. पण नाही खोडत.

गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर आयांची सभा घेतली. सुईचं भोक सांगितलं, चष्म्याचं सांगितलं, तुझं नाव सांगितलं. जेसिंता ताडकन उठली. “टीचर, उद्या माझी पोर आंधळी झाली तर तुमच्या दुर्बिणीशी लग्न लावू का तिचं?” सगळ्या हसल्या. मीही हसले. तेवढ्यात मागून कुणी तरी ओरडलं, “इन्नासिमुत्तु हो म्हणाला तर पाठवू.” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्र्याण्णवच्या वादळात ढगाच्या फटीतून दिसलेल्या एका वेळ्ळीवरून तुझ्या अप्पांनी चार कट्टुमरम होड्या परत आणल्या होत्या. ज्यांना आणलं, त्यांचीच ही नातवंडं. आकाशाच्या बाबतीत हे गाव पाद्रीबाबांचंही ऐकणार नाही, तुझ्या अप्पांचं ऐकेल.

अप्पा तिथेच दाराशी बसले होते. सगळे त्यांच्याकडे वळले. ते उठले, खांद्यावरचा पंचा झटकला आणि निघून गेले.

तुमचं दोघांचं काही भांडण आहे का? तू लग्न केलं नाहीस, त्यावरून? मला विचारायचा हक्क नाही, तरी विचारते. निदान त्यांना एक पत्र लिही. मी वाचून दाखवीन, नेहमीसारखं. तुझं आलेलं प्रत्येक पत्र ते दोनदा वाचून घेतात, हे तुला सांगितलं होतं का?

टीचर


कोडैकानल
२ नोव्हेंबर २००९

प्रिय टीचर,

अप्पांसाठी पत्र सोबत आहे. जसं आहे तसं वाचा, एकही शब्द गाळू नका. आधी एकटीने वाचलंत तर बरं. त्यात तुम्हीही आहात.

अमली

*

अप्पा,

ठीक आहे मी. इथे थंडी पडली आहे. तुम्ही विचाराल म्हणून सांगते, दोन वेळा भात खाते आणि लोकरीची टोपी घालते.

टीचर म्हणतात, तुम्ही पोरांना वेळ्ळी दाखवत नाही. का दाखवत नाही, ते मला माहीत आहे. म्हणून हे पत्र.

मी आठ-नऊ वर्षांची होते. तुम्ही पहाटे कट्टुमरम पाण्यात ढकलायच्या आधी मला उठवायचात. आई ओरडायची, “पोरीला झोपू द्या, ती काय वल्हं मारणार आहे?” तुम्ही मला खांद्यावर घेऊन वाळूत यायचात. तुमच्या मानेला मिठाचा आणि विडीचा वास यायचा. तुम्ही हाताने माझी हनुवटी धरून तोंड फिरवायचात आणि विचारायचात, “ही कोण?” मी म्हणायचे, कुरिसुवेळ्ळी. क्रूस आधी आडवा उगवतो, मग उभा राहतो. उभा राहिला की वारा जमिनीकडून सुटतो. “ही कोण?” कप्पलवेळ्ळी, गलबतासारखी. चुकले की तुम्ही माझ्या नाकाला मिठाचं बोट लावायचात.

मग पाचवीची परीक्षा आली. ‘आकाशातील पाच ताऱ्यांची नावे लिहा.’ अप्पा, एवढा आनंद मला पुढे कुठल्याच प्रश्नाने झाला नाही. मी लिहिलं: विडिवेळ्ळी, कुरिसुवेळ्ळी, कप्पलवेळ्ळी, मून्नुवेळ्ळी, आरावेळ्ळी. पहाटेची, क्रुसाची, गलबताची, तिघींची, सहाजणींची.

टीचर तेव्हा नव्या होत्या, आतल्या गावच्या. त्यांना वाटलं, मी पाच वेळा शुक्रच लिहिला आहे. त्यांनी लाल शाईने लिहिलं, ‘शुक्र एकच असतो. तोही तारा नव्हे, ग्रह.’ पाचपैकी शून्य. आणि वर्गात हसून म्हणाल्या, “अमलीच्या आकाशात आठवडाभर शुक्रवारच असतो.” त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत माझं नाव शुक्रवार होतं. “शुक्रवार आली, आज उपास, मटण शिजवू नका रे!”

मी घरी आले. तुम्ही अंगणात जाळं शिवत होता. मी दप्तर फेकलं आणि म्हटलं, “अप्पा, तुमचं सगळं चूक आहे. वेळ्ळी एकच असते. तुम्हाला काही येत नाही.”

तुमची सुई थांबली. तुम्ही म्हणालात, “बरं.” एवढंच. आणि दुसऱ्या दिवसापासून मला उठवलं नाहीत.

तुमचं काहीच चूक नव्हतं, हे मला कॉलेजात कळलं. मोठ्या नकाशावर मी एकेक तारा ओळखला, आणि प्रत्येकाच्या शेजारी मला तुमचं बोट दिसलं. तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं. लाज वाटली. मग उशीर झाला म्हणून लाज वाटली. मग उशिराची इतकी सवय झाली की सुट्टी मिळाली तरी मी डोंगरावरच राहू लागले.

तुम्ही माझ्यावर रागावलेले राहा. पण त्या पोरांनी तुम्हाला काही म्हटलेलं नाही. त्यांना सांगा.

तुमची,
अमली


पुन्नैतुरै
२९ नोव्हेंबर २००९

अमली,

उत्तराला उशीर झाला. पाऊस होता, पोस्टमन येत नव्हता, असं लिहिणार होते. पाऊस होता हे खरं, पण पोस्टमन येत होता.

तुझं पत्र मी एकटीने वाचलं. मला काही आठवेना. अमली, हीच गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली. तू चौतीस वर्षं वागवलंस आणि माझ्याकडे त्याची नोंदसुद्धा नाही. असे किती कागद मी लाल केले असतील?

मग अप्पांकडे गेले आणि पत्र वाचून दाखवलं. थंडी, टोपी, भात. पहाट, कुरिसुवेळ्ळी, मिठाचं बोट. तिथून उडी मारून थेट ‘पोरांना सांगा’ वर आले. मधलं सगळं गाळलं.

ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “झालं?”

“झालं.”

“टीचरम्मा, मला वाचता येत नाही. पण कागद दोन्ही बाजूंनी भरलाय आणि तुम्ही तो एकदाही उलटला नाहीत.”

मी म्हटलं, वीज गेली, दिसत नाही, नंतर येते. वीज होती.

बारा दिवस गेले नाही. ते रस्त्यात दिसले तर मी दुसऱ्या गल्लीने वळायची. साठी उलटलेली बाई, गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी लपत होते. तेराव्या दिवशी गेले, उभ्यानेच कागद उलटला आणि सगळं वाचलं. लाल शाई वाचली. शुक्रवार वाचला. माझं नाव आलं तो भाग दोनदा वाचला.

ते उठले. मग आत गेले, चूल पेटवली आणि करुपट्टीचा ताडगूळ घालून दोन पेले कॉफी आणली. म्हणाले, “बसा. पाय दुखतील.”

मी काय सांगू तुला? तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. लाल मातीच्या, ताडांच्या गावातून आलेली. समुद्राची इतकी भीती वाटायची की खोलीची त्या बाजूची खिडकी मी दोन वर्षं उघडली नव्हती. तुम्ही सगळे माझ्यापेक्षा जास्त जाणता, हे दिसत होतं, आणि वर्गात ते दिसू द्यायचं नव्हतं. हे कारण आहे. सबब म्हणून लिहीत नाही.

मला माफ कर.

तुझ्या पत्राबद्दल अप्पा मात्र अजून काही बोललेले नाहीत.

तंगपुष्पम


कोडैकानल
१२ डिसेंबर २००९

प्रिय टीचर,

तुमचं पत्र हातात घेऊन मी दोन दिवस फिरले.

खरं सांगू? त्या शून्यामुळेच मी हट्टाने ‘बरोबर’ नावं पाठ केली. दहावीला तुम्हीच माझा अर्ज भरलात, आईला समजावलंत, बसस्टँडवर सोडायला आलात, पांघरूण पुरणार नाही म्हणून स्वतःची शाल दिलीत. त्यामुळे राग ठेवायचा तरी कुठे, हे मला कधी कळलं नाही. शालीच्या घडीत ठेवला होता. आता नाही. शालीला कसर लागली आहे, पण ते वेगळं.

सोबत ग्रहणाचे चाळीस चष्मे आणि जानेवारीतल्या ग्रहांचा एक तक्ता पाठवते. प्रत्येक चष्मा वापरण्याआधी उजेडासमोर धरून बघा, टाचणीएवढंही भोक असेल तर फेकून द्या.

आणि कॅलेंडर पाहिलंत का? पंधरा जानेवारीला वार कोणता आहे?

अमली


पुन्नैतुरै
१७ जानेवारी २०१०

प्रिय अमली,

शुक्रवार! तुझं पत्र वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारीण बघायला आली.

आता ऐक.

त्या सकाळपर्यंत माझ्याकडे फक्त पाच पोरं कबूल झाली होती. साडेदहाला किनाऱ्यावर चटया टाकून मी चष्मे तपासत बसले होते. तुझे अप्पा आले. इस्त्रीचा सदरा, तोच जो तुझ्या आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला घातला होता. म्हणाले, “एक द्या.” डोळ्याला लावला, वर पाहिलं. तेव्हा ग्रहण लागायला वेळ होता, पूर्ण सूर्य होता. बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढून गल्लीत शिरले. मी मागे मागे.

जेसिंताच्या दारात उभे राहून म्हणाले, “ए पोरी, मी बघून आलो. माझे डोळे शाबूत आहेत. हे बघ, तुझ्या ओसरीत तीन कोंबड्या आहेत आणि तुझ्या नवऱ्याचा सदरा उलटा वाळत घातलाय.”

जेसिंता म्हणाली, “ताता, तुम्ही म्हातारे. तुमचं काय जायचंय?”

“म्हणूनच आधी मी बघितलं. आता रेक्सीला पाठव. आणि तूही ये, घाबरट.”

असं प्रत्येक दारात. बाराच्या सुमाराला किनाऱ्यावर त्रेपन्न पोरं होती. चष्मे चाळीस. पाळ्या लावल्या, तरी मारामारी झालीच. जेसिंता तर कुणाच्या हातून चष्मा हिसकावून बसली आणि परत देईना. रेक्सीच आईवर ओरडत होती, “अम्मा, बाकीच्यांनाही बघू दे!”

अंगठी झाली तेव्हा मात्र मारामारी थांबली. ऊन असूनही ते ऊन वाटत नव्हतं. पुन्नैच्या झाडाखाली वाळूवर शेकडो अंगठ्या पडल्या होत्या, पानांच्या फटीफटीतून. बारकी पोरं त्या मुठीत धरायला धावत होती.

आणि तेव्हा अप्पा बोलले. मोठ्याने नाही, मी अगदी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. रेक्सीला म्हणाले, “विडिवेळ्ळी दीड महिना दिसली नाही. आज ती इथेच असणार, सूर्याच्या अगदी बाजूला.”

“ताता, कशावरून?”

“पहाटे दिसायची. रोज थोडी खाली, थोडी खाली. मग उजेडात बुडाली. संध्याकाळी अजून वर आलेली नाही. मग जाणार कुठे? त्याच्या मागून पलीकडे चालली आहे. मासा होडीखालून जातो, तशी.”

पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली. माझ्याभोवती एकही उरलं नाही, आणि अमली, मला फार बरं वाटलं. घरी येऊन तू पाठवलेल्या तक्त्यात पाहिलं. विडिवेळ्ळी म्हणजे शुक्रच, आणि तो त्या दिवशी सूर्याच्या अगदी शेजारी होता. पाचपैकी किती द्यायचे, ते आता मी ठरवणार नाही.

काल शनिवार होता. संध्याकाळी ते स्वतः आले. पोरांना ओळीत बसवलं आणि पहिल्या पोराची हनुवटी धरून तोंड फिरवलं.

आज सकाळी म्हणाले, “टीचरम्मा, कागद घ्या. पोरीला लिहायचं आहे.” ते बोलले तसं लिहिलं आहे. भाषासुद्धा सुधारलेली नाही.

तुझी,
टीचर

*

अमली,

मी बरा आहे. गुडघा धरतो, बाकी काही नाही. तारली यंदा कमी आहे.

तुझं पत्र टीचरम्मांनी वाचलं. पहिल्यांदा अर्धं, मग पूर्ण. त्यांना काही बोलू नकोस. बाई रडल्या होत्या. हे लिहू नका म्हणतायत. लिहा, टीचरम्मा.

तू लिहिलंस, मी रागावलो. पोरी, मी रागावलो नाही. तू लहान होतीस, काहीही बोलली असतीस. मला भीती वाटली. मी शाळेची पायरी चढलो नव्हतो. वाटलं, शाळेत वेगळं आकाश असेल, असू शकेल. आणि माझी नावं तुझ्या डोक्यात राहिली, तर दर परीक्षेला तीच आधी वर येतील. तू नापास होशील. मग तुला आईसारखं इथेच उन्हात मासळी वाळवत बसावं लागेल. मला ते नको होतं. म्हणून ठरवलं, सांगायचं नाही. सांगितलं नाही तर विसरेल. विसरली तर पास होईल.

पहाटे मी रोज तुझ्या चटईपाशी यायचो. तू पालथी झोपायचीस. थोडा वेळ उभा राहायचो, मग जायचो. तुझ्या आईला विचारायची सोय आता नाही, पण तिला माहीत होतं.

तू पास झालीस. दूर गेलीस. मला वाटलं, बरोबर केलं आपण.

टीचरम्मांना विचारलं, अमलीच्या परीक्षा सगळ्या झाल्या का? त्या म्हणतात, केव्हाच झाल्या. मग आता काही भीती नाही.

पोरांना मी काल पाच सांगितल्या, वर होत्या तेवढ्या दाखवल्या. तुला ठाऊक आहेत त्याच. तुला सांगायच्या राहिलेल्या अजून पुष्कळ आहेत. त्यांतल्या तीन फक्त माझ्या आजोबांना ठाऊक होत्या. त्या पोरांना अजून सांगितल्या नाहीत. आधी तुला सांगायच्या आहेत, मग त्यांना.

ती रेक्सी रोज दारात येऊन विचारते, “आत्या कधी येणार?” तिला फार घाई आहे.

मलाही थोडी आहे.

अप्पा